उन्हाळीची पाटी

परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो पडला. सेल्फी पॉइंटचा तो लाल पत्र्याचा बदाम, त्याच्या पायाशी सिमेंटच्या फरशा, आणि फरशांच्या फटींतून वर आलेली वीतभर उंचीची, पिसासारख्या पानांची रोपटी. एकाला तर जांभळट फुलांचा तुराही आलेला. खाली सेक्रेटरीसाहेबांचा सवाल: "ये जंगली घास किसने लगाई है?" त्याखाली बऱ्याच जणांनी कपाळावर हात मारणारी चित्रं टाकली. मीही टाकलं. नसतं टाकलं तर संशय आला असता.

लावली कोणी ते मला ठाऊक आहे. अख्ख्या सोसायटीत फक्त मला ठाऊक आहे. आणि ही घास पहिल्यांदा नाहीशी झाली ती कोणामुळे, हे तर मला फारच चांगलं ठाऊक आहे.

सहा वर्षांपूर्वी कंपनीनं मला पुण्याहून नोएडाला धाडलं. बायको आणि मुलगी पुण्यातच राहिल्या, कारण मुलीची शाळा चांगली होती आणि बायकोची नोकरी माझ्या नोकरीपेक्षा चांगली होती. मी नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एका गादीसह आणि इलेक्ट्रिक किटलीसह राहायला आलो. सिगारेट सोडल्याचं मी बायकोला सांगून टाकलं होतं. त्यामुळे ती ओढायला अशी जागा हवी होती, जिथं ओळखीचं कोणी येणार नाही. आता नोएडात मला ओळखणारं होतं कोण? पण खोटं बोलणाऱ्याला सवयीनं आडोसा लागतो. तो मला पंपघराच्या मागे सापडला.

पंपघर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये पाच-सहा हात रुंदीची एक पट्टी होती. जमीन कोरडी, खडकाळ, बांधकामाचा राडारोडा पुरलेली. त्यात गुडघाभर उंचीची हिरवी झुडपं अगदी मजेत उभी होती. मातीच्या एका उथळ ताटलीत पाणी आणि खडे. आणि जमिनीत खोचलेली एक पत्र्याची पाटी, पांढऱ्या रंगावर निळ्या, रेखीव अक्षरांत लिहिलेली: उन्हाळी.

आता आमच्याकडे उन्हाळी लागते म्हणजे काय होतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. वैशाखात उन्हातून हुंदडून आलं की लघवीला जी आग होते, ती उन्हाळी. आई धने-जिऱ्याचं पाणी पाजायची आणि शेजारच्या काकू "काय, उन्हाळी लागली का?" असं अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं विचारायच्या. त्या शब्दाची एवढी टापटिपीची पाटी लावलेली बघून मी एकटाच, मोठ्यानं, खो-खो हसलो.

"हसलात!"

पंपघराच्या पलीकडून आवाज आला. एक हात मोडलेल्या आणि तारेनं बांधलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या. फिक्या रंगाची कडक इस्त्रीची साडी, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, मांडीवर एक लांबलचक वही.

"मराठी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुणं?"

"हो. कसं ओळखलंत?"

"मुंबईचा असता तर हसून पुढं गेला असता. तुम्ही हसून पुन्हा वाचलंत, शुद्धलेखन तपासायला." त्यांनी वही मिटली. "सात वर्षं झाली ही पाटी लावून. देवनागरी इथं सगळ्यांना येते. गार्ड वाचतो, माळी वाचतो, शाळेतली मुलं तर ओरडून वाचतात. हसलं कोणी नाही. म्हटलं, जो हसेल तो आपला. म्हणून तर लावली. ती सिगारेट विझवा, माश्यांना त्रास होतो. आणि चला, चहा टाकते."

म्हणजे तो सापळा होता, आणि मी त्यात सात वर्षांत अडकलेला पहिला प्राणी होतो.

त्यांचं आडनाव टिपणीस. सोसायटीत त्या 'टिप्स आंटी'. पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हणालो तर म्हणाल्या, "काका कुठं दिसतायत तुम्हाला? मावशी म्हणा. मावशीला नवरा लागत नाही." तेव्हापासून त्या टिपणीसमावशी आणि मी 'अहो शेवडे'.

केंद्र सरकारच्या एका खात्यात त्या अनुवादक होत्या. चोविसाव्या वर्षी तीन वर्षांसाठी म्हणून बदली होऊन दिल्लीला आल्या. "ती तीन वर्षं अजून भरायची आहेत," असं म्हणायच्या. आधी सरकारी क्वार्टर, मग निवृत्तीनंतर नोएडातला हा दोन खोल्यांचा फ्लॅट. हिंदी इतकी शुद्ध की भाजीवाल्याला "भैया, भिंडी कोमल हो तो ही दीजिए" म्हणायच्या आणि तो बिचारा भेंडीकडे नव्यानं बघायचा. गार्ड मला एकदा म्हणाला होता, "साहब, आंटीजी समाचार की तरह बोलती हैं." पण मराठी बोलायला माणूस नाही. महिन्यातून एकदा मेट्रोनं दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या मराठी दुकानात जायच्या, निमित्त भाजणीच्या पिठाचं. "पीठ नोएडात ऑनलाइन मिळतं हो," मी एकदा शहाणपणा केला. त्या म्हणाल्या, "ऑनलाइन ते 'अर्धा किलो पुरेल ना बाई?' असं विचारत नाही."

मांडीवरची ती वही म्हणजे मस्टर होतं. खरंखुरं, सरकारी छापाचं हजेरीपत्रक, निवृत्त होताना खात्यानं टाकून दिलेल्या गठ्ठ्यातलं. कर्मचाऱ्यांच्या नावांच्या जागी लिहिलेलं असायचं: निळी फुलपाखरं (लहान). पिवळी. पानकातरी माशी. काळा भुंगा. आणि तारखांच्या चौकोनांत संख्या. ज्या दिवशी कोणी आलं नाही, त्या दिवशी 'र', म्हणजे रजा. सलग आठ दिवस भुंगा आला नाही की शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं: 'विनापरवानगी गैरहजर'.

मला वाटलं, म्हाताऱ्या बाईचा विरंगुळा आहे. पण तसं नव्हतं. एकदा त्यांनी एका माशीकडे बोट केलं. ती उन्हाळीच्या पानावर बसली, पानाच्या कडेचा अगदी गोल तुकडा कापला आणि तो पोटाशी धरून उडून गेली. "आमच्या कार्यालयात पंचिंगचं यंत्र होतं ना, तसंच भोक," मावशी म्हणाल्या. "घर बांधतेय ती. माझ्या घरी, शेवडे, येणारं-जाणारं एवढंच आहे. त्यांची नोंद ठेवली तर काय बिघडलं?"

आणि मस्टर म्हणजे मस्टर. एकदा त्यांनी 'निळं, एक' असं लिहिलं आणि मी म्हटलं, "मावशी, ते वाळकं पान आहे." त्यांनी चष्मा काढून पुन्हा बघितलं, मग आकडा सरळ रेषेनं खोडला आणि बाजूला सही केली. "खोटी हजेरी लावली म्हणून आमच्याकडे एकाची खातेनिहाय चौकशी झाली होती. माणूस आयुष्यातून उठला." तेव्हा मी हसलो होतो.

ही उन्हाळी, हिंदीत सरफोंका, संस्कृतात शरपुंखा. पानाचं टोक धरून ओढलं तर ते सरळ फाटत नाही, बाणाच्या पिसाऱ्यासारखं तिरकं फाटतं. मावशी येईल त्याला हे करून दाखवायच्या. येणारा बहुधा मीच असायचो, त्यामुळे मी ते शे-दीडशे वेळा बघितलं आहे. पाणी नको, खत नको, सावली तर नकोच. दिल्लीच्या जूनमध्ये लोकांच्या बाल्कनीतल्या महागड्या कुंड्या माना टाकायच्या तेव्हा ही हिरवीगार. पावसात फुलायची, दिवाळीपर्यंत फुलत राहायची. "दिल्लीत राहायचं तर असं राहावं," मावशी म्हणायच्या. "कोणाकडे काही मागायचं नाही."

मलाही बाल्कनीत एक हवीशी वाटली. मावशींनी खाकी लिफाफ्यातून चिमूटभर बिया दिल्या. "हिचं कवच टणक असतं. जमिनीत पडून राहते, पाऊस नीट पडल्याशिवाय दार उघडत नाही. तुम्हाला घाई असेल तर पाणी उकळा, बंद करा, मग त्यात बिया टाका आणि रात्रभर ठेवा." मी पाणी उकळलं आणि बिया टाकल्या. 'बंद करा' हे मधलं कलम माझ्याकडून राहिलं, कारण तेवढ्यात सिंगापूरचा कॉल आला. किटली आपोआप बंद होते हे खरं, पण माझ्या किटलीचं ते बटण बिघडलेलं होतं. पाऊण तासानं मी झाकण उघडलं तेव्हा आत काय होतं ते मावशींना नेऊन दाखवलं.

त्यांनी वास घेतला. "मोहरी-हिंग घाला वरून. उसळ झालीय."

दुसऱ्या खेपेला बिया उगवल्या, पण मी रोज पाणी घातलं आणि मुळं कुजली. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, तुमच्याकडचंच एक तयार रोप उपटून द्या ना. त्यावर मात्र मावशी गंभीर झाल्या. "हिचं मूळ सरळ खाली जातं. आपण वर गुडघाभर बघतो, खाली ती पुरुषभर गेलेली असते. एकदा जिथं उगवली तिथं उगवली. हिला बदली मानवत नाही, शेवडे." आणि मग अगदी सहज, पाटीवरची धूळ पदरानं पुसत म्हणाल्या, "मिलिंदला हेच सांगते मी."

मिलिंद त्यांच्या बहिणीचा मुलगा. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. बायको हिसारची, मुलं दिल्लीतच वाढलेली. चांगला माणूस. दर रविवारी फोन करायचा, "मावशी, एकटी कशाला राहतेस? आमच्याकडे ये ना यार." आणि मावशींचं दर रविवारचं उत्तर ठरलेलं: "माझी उन्हाळी आहे तोवर मी हलत नाही. तिची बदली होत नाही, तर माझी कशी होईल?"

मिलिंदला ते झाडाचं नाव आहे हे दोन वर्षं माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, मावशीला काहीतरी जुना आजार आहे. तो मला एकदा बाजूला घेऊन विचारत होता, "दिल्लीत चांगला यूरॉलॉजिस्ट आहे, दाखवूया का?"

दुपारी चारच्या आसपास मावशींचा फोन यायचा. काम काही नसायचं. एखादा शब्द हरवलेला असायचा. "वापरला नाही की शब्द सापडत नाही हो. आज सकाळपासून शोधतेय. उन्हात शेंग वाळते आणि फट्कन फुटून बिया उडवते, त्याला काय म्हणतात? 'फुटते' नाही. दुसरं काहीतरी." मी त्या वेळी एका मोठ्या मिटिंगमध्ये होतो, चार देशांतले लोक पडद्यावर. म्यूट आहे अशा भ्रमात मी एका कानाला फोन धरून म्हणालो, "तडकते! मावशी, तडकते!"  नंतर आलेल्या मिटिंगच्या टिपणात चौथ्या मुद्द्यावर लिहिलं होतं: 'तडकते. जबाबदारी: शेवडे. मुदत: शुक्रवार.' मी ते छापून मावशींना दिलं. त्यांनी ते मस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलं. "चला," म्हणाल्या, "शब्द कामाला लागला."

त्या पट्टीवर सोसायटीच्या कमिटीचा डोळा आधीपासून होता. तीन वर्षांपूर्वी पहिली नोटीस निघाली: 'जंगली घास' काढून तिथं काहीतरी 'कलरफुल' करायचं. मावशींनी अर्ज केला. दोन पानी, विषय, संदर्भ, 'उपर्युक्त विषय के परिप्रेक्ष्य में निवेदन है कि' आणि शेवटी 'यथोचित कार्यवाही हेतु प्रस्तुत'. सेक्रेटरीसाहेबांनी तो तीनदा वाचला म्हणे. मग मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "भाई साहब, ये आंटीजी का लेटर है या कोर्ट का?" नोटीस गुपचूप मागे घेतली गेली. मावशींना तो विजय आठवडाभर पुरला. मला त्यातून एवढंच कळायला हवं होतं, की भांडायची वेळ आली तर मावशींना सांगायचं. तेवढंच मला कळलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे ठरले. आधी एक, आठ-दहा दिवसांनी दुसरा. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही. म्हणून महिनाभर मानेसरला मिलिंदकडे. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मस्टर माझ्या हातात दिलं. ते देताना दोन्ही हातांनी दिलं.

"ऐका. काही करायचं नाही. पाणी नाही, खत नाही, छाटणी नाही. नुसतं बघायचं, लिहायचं आणि रोज संध्याकाळी मला फोनवर सांगायचं. मला महिनाभर दिसणार नाहीये, शेवडे, तेव्हा डोळे तुमचे. काही न करणं जमेल ना?"

"मावशी, मी सतरा वर्षं आयटीत मॅनेजर आहे."

"आणि काहीही झालं तर आधी मला फोन."

पहिले पाच दिवस मी अगदी नेमानं लिहिलं. सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, पंपघराच्या मागे दोन मजूर फावडी घेऊन उभे. सौंदर्यीकरण. सेल्फी पॉइंट. सेक्रेटरीसाहेब स्वतः हजर. त्यांना आंटीजी गावाला गेल्याचं अर्थातच कळलेलं होतं.

मी फोन करायला हवा होता. मावशींच्या एका डोळ्यावर पट्टी होती, त्यांना त्रास नको, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की फोन केला असता तर त्या म्हणाल्या असत्या, "त्यांच्यासमोर उभे राहा." आणि उभं राहून भांडायला हिंदी लागते. माझी हिंदी रिक्षाच्या भाड्यापुरती आहे, तीही हरण्यापुरती. तेव्हा मी एक शक्कल लढवली. सेक्रेटरीला म्हटलं, "दो घंटा दीजिए, मैं पौधे निकाल लेता हूँ." तो खूश. मीही खूश. माळ्याला बोलावलं, अकरा कुंड्या आणल्या. मावशी परत येतील तेव्हा माझ्या बाल्कनीत त्यांची अख्खी बाग! मनातल्या मनात मी त्यांचं कौतुकसुद्धा ऐकून घेतलं.

माळी म्हणाला, "साहब, नहीं बचेगी. इसकी जड़ पाताल में है."

"आप निकालो तो सही."

त्यानं काढलं. प्रत्येक रोपामागे खालून एक आवाज आला, बारीक, सुतळी तुटल्यासारखा. असे अकरा आवाज. बुधवारपर्यंत कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या. मी पाणी घालत होतो. माळी कुंड्या बघायला आला तेव्हा म्हणाला, "अब क्यों नहला रहे हो?"

फोन मात्र त्याच रविवारी संध्याकाळी आला होता. "हजेरी?"

सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आज सकाळपासून पडून आहे, एका डोळ्यानं छत बघतेय. तुमच्या फोनची वाट बघत होते." आणि माझ्या तोंडून निघालं, "निळी तीन. पानकातरी एक."

"बरं. नोंद करा."

मी खरोखरच नोंद केली! वही उघडून, चौकोनात, तीन आणि एक. दुसऱ्या दिवशी दोन आणि एक. सिगारेट सोडल्याचं खोटं निभावणाऱ्या माणसाला फुलपाखरांचं काय जड आहे? मी त्यात रंग भरू लागलो. भुंगा बऱ्याच दिवसांनी रुजू झाला, निळ्यांची जोडी आली, एका पिवळ्याचा पंख फाटका आहे. मावशी हसायच्या. त्यांचा आवाज दिवसेंदिवस टवटवीत होत गेला. मिलिंदनंही सांगितलं, "मावशी दिवसभर गप्प असते, पण तुमचा फोन झाला की जेवते नीट." आता सांगा, थांबायचं कुठं?

मग तो दिवस आला, ज्या दिवशी अख्ख्या एनसीआरवर धुरक्याची गोधडी पडली. दुपारी दोनला गाड्यांचे दिवे लागलेले, घशात करपट चव. मी दिवसभर घरातून काम केलं, खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी, आज मावशींना जरा खूश करू, म्हणून सांगितलं, "मावशी, आज रेकॉर्ड! निळी सात!"



"सात?"

"सात. मोजली."

"बरं. नोंद करा."

लहान निळी उन्हाशिवाय पंख उघडत नाहीत. हे मला मावशींनीच सांगितलं होतं, निदान दहा वेळा. मानेसरला त्या दिवशी त्यांच्या खिडकीसमोर थांबणारी कंपनीची बस दिसत नव्हती, हे मला नंतर मिलिंदकडून कळलं. मावशींनी त्यानंतरही रोज फोन केला. रोज हजेरी विचारली, रोज ऐकून घेतली. 'नोंद करा' मात्र पुन्हा म्हणाल्या नाहीत, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

त्या परत आल्या डिसेंबरच्या सुरुवातीला. काळा चष्मा, हातात लोखंडी टोकाची काठी, मिलिंद बॅग घेऊन मागे. मी भाषण तयार केलं होतं. पंपघराच्या मागे गेलो. नवीन फरशा, लाल बदाम, भोवती प्लॅस्टिकची फुलं. त्यांची तारेची खुर्चीसुद्धा भंगारात गेली होती. फक्त पाटी मी वाचवली होती, ती पाठीमागे धरून उभा होतो.

मावशींनी काळा चष्मा काढला, सगळीकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला. "मस्टर."

मी दिलं. त्या उभ्या उभ्या पानं उलटू लागल्या. "केवढं स्वच्छ दिसतंय हो. तुमचं अक्षर इतकं वाईट आहे हे मला आजवर कळलं नव्हतं." मग धुरक्याच्या दिवसाच्या तारखेपाशी आल्या. पर्समधून पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला, खात्यातले वरिष्ठ लिहितात तसा: पाहिले. खाली सही, तारीख.

"मावशी, मी सांगणार होतो..."

"ती सात," त्या म्हणाल्या, "मी त्या रात्री पुन्हा पुन्हा मोजली. खोटी आहेत हे माहीत असून मोजली. डोळ्यावरच्या पट्टीच्या आत दिसत होती मला." वही मिटून म्हणाल्या, "पण शेवडे, मी तुम्हाला डोळे दिले होते. तुम्ही गोष्टी सांगितल्यात."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाटी पुढे केली. त्यांनी ती घेतली, पदराआड धरली आणि हळूहळू लिफ्टकडे गेल्या. त्या रविवारी मिलिंदनं नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्याकडे नेहमीचं उत्तर नव्हतं. इतकं सोपं झालं ते. महिन्याच्या आत फ्लॅट भाड्यानं गेला.

यंदाच्या पावसाळ्यात मी नेमानं सेल्फी पॉइंटवर जात होतो. म्हणून तो फोटो ग्रुपवर पडायच्या कितीतरी आधी ती रोपटी मला दिसली होती. आणि परवा तुऱ्यावर खरोखर निळी होती. मी तीनदा मोजली. मग मानेसरला फोन लावला. मावशी आता फोनवर कमी बोलतात. मागून मुलांचा गोंगाट ऐकू येतो, "दादी, कौन है?" आणि त्या त्यांना हिंदीत उत्तर देतात, पूर्वीसारख्या शुद्ध नव्हे, त्यांच्यासारख्याच हिंदीत.

"मावशी, उन्हाळी आलीय. फरशीतून. फुललीय."

"अच्छा." मग: "हजेरी?"

"निळी चार."

"ढग आहेत?"

"नाही. लख्ख ऊन आहे. खरंच आहे, मावशी."



"बरं," त्या म्हणाल्या. "नोंद करा."

विश्वास ठेवला की नुसतं ऐकून घेतलं, ते मला कळायला मार्ग नाही. खोट्या तीन फुलपाखरांनासुद्धा त्या ह्याच आवाजात हेच म्हणाल्या होत्या. फोटो पाठवला असता, पण त्यांचा फोन जुना, बटणांचा. मी मिलिंदच्या फोनवर पाठवला. त्यानं अंगठा दाखवला.

त्या मानेसरला कायमच्या राहायला गेल्या तो दिवस मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. डिसेंबरची सकाळ, कोवळं ऊन. मिलिंद सामान टॅक्सीत भरत होता. खाली जाऊन निरोप घ्यायची मला हिंमत झाली नव्हती. मी नवव्या मजल्याच्या बाल्कनीत, रिकाम्या अकरा कुंड्यांच्या मागे उभा होतो, सिगारेट न पेटवता. मावशी एकट्याच पंपघराच्या मागे आल्या. वाकायची अजून बंदी होती. सरळ उभ्या राहून त्या काठीचं लोखंडी टोक फरशांच्या फटींत खुपसत होत्या, वाळू उकरत होत्या, आणि दुसऱ्या हातातला खाकी लिफाफा त्या फटीवर हलकेच झटकत होत्या. मग बुटाच्या टोकानं वाळू सारखी करायच्या आणि एक पाऊल पुढे. शेवटच्या फरशीपर्यंत. लिफाफ्याची घडी घालून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला आणि काखेतून पाटी काढली.

मला वाटलं, खोचतील. पण खोचायला जमीनच नव्हती. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि वर बघितलं, आमच्या इमारतीकडे. विमानतळाच्या दाराशी, न पाहिलेल्या पाहुण्याला घ्यायला आलेला माणूस नावाची पाटी धरून उभा असतो, तशा. एवढ्या लांबून मला अक्षरं दिसत नव्हती, पण काय लिहिलंय ते माहीत होतं, आणि त्यावर काय करायचं असतं तेही. मी हसायचा प्रयत्न केला. आवाज निघाला नाही. मी हात वर केला.

नव्या डोळ्यांना नववा मजला दिसत होता की नाही, देव जाणे. टॅक्सीनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. त्या आणखी थोडा वेळ पाटी तशीच धरून उभ्या राहिल्या.